रोममध्ये जेवायचं कुठे?

रोमच्या पॅन्थिऑनसमोरच्या चौकात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की हातात मेन्यू घेतलेला एखादा माणूस हसतमुखाने पुढे येतो. मेन्यू चांगला जाडजूड, प्लास्टिकचं आवरण घातलेला, पाच-सहा भाषांत छापलेला आणि पानोपानी फोटो. त्यात मिलानचा केशरी रिझोतो असतो, जेनोव्हाचा पेस्तो असतो, बोलोन्याच्या नावाने स्पॅगेटी असते, नेपल्सचा पिझ्झा असतो आणि एका कोपऱ्यात पांढऱ्या सॉसमध्ये बुडालेली कार्बोनारा. समोर जवळजवळ दोन हजार वर्षांची वास्तू, वर मोकळं आकाश, पाय दुखत असतात आणि भूकही लागलेली असते. बहुतेक पर्यटक तिथेच बसतात.

आणि बहुतेकदा निराश होतात. कधी निराशेबरोबर भुर्दंडही बसतो. सप्टेंबर 2019 मध्ये कास्तेल सान्त आंजेलो या किल्ल्याजवळच्या एका रेस्टॉरंटने दोन जपानी मुलींना मासे घातलेल्या स्पॅगेटीच्या दोन प्लेट आणि पाणी यांचं सुमारे 430 युरोंचं बिल दिलं. त्यातले 80 युरो टिप म्हणून लावले होते. त्या बिलाचा फोटो जगभर फिरला. हे टोकाचं उदाहरण झालं, पण शहराच्या नामांकित स्थळांभोवती बेचव आणि महाग जेवण मिळणं हा रोमचा जुनाच आजार आहे.

महाराष्ट्रातून टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. त्यांच्या रात्रीच्या भारतीय जेवणाची सोय आधीच झालेली असते. मात्र स्वतः तिकिटं काढून, स्वतः हॉटेल ठरवून जाणारी मराठी कुटुंबं आता वाढली आहेत. त्यांच्यासाठी रोममध्ये चांगलं जेवण शोधणं अवघड नाही. त्यासाठी नशीब लागत नाही, थोडी माहिती लागते.

पहिली माहिती अशी, की ‘इटालियन जेवण’ असं एकच एक काही इटलीत नाही. हा देश 1861 मध्ये एक झाला आणि रोम त्यात 1870 साली आलं. त्याआधी शेकडो वर्षं प्रत्येक प्रांताची चूल वेगळी होती, आणि ती आजही बरीचशी वेगळीच आहे. उत्तरेत लोणी आणि तांदूळ, दक्षिणेत ऑलिव्हचं तेल आणि टोमॅटो, किनाऱ्यावर मासे, डोंगरात डुकराचं मांस आणि मेंढीच्या दुधाचं चीज. कोल्हापुरातल्या एखाद्या हॉटेलच्या मेन्यूकार्डावर तांबडा-पांढरा रस्सा, छोले भटुरे, फिश करी, ढोकळा आणि नूडल्स एकत्र दिसले, की मराठी खवय्या तिथे तांबडा रस्सा मागवण्याआधी दोनदा विचार करतो. रोममध्येही नेमकं तेच करायचं. जिथे सगळ्या इटलीचं जेवण मिळतं, तिथे रोमचं चांगलं जेवण मिळण्याची शक्यता कमी.

मग रोमचं स्वतःचं काय? सुरुवात चार पास्त्यांपासून करावी: काचो ए पेपे, ग्रीचा, आमात्रिचाना आणि कार्बोनारा. चौघांचा पाया पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं खारट, तिखटसर चीज. पेकोरिनो आणि काळी मिरी एवढंच घातलं की काचो ए पेपे. त्यात ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं मीठ लावून मुरवलेलं मांस, परतून घातलं की ग्रीचा. ग्रीचात टोमॅटो आला की आमात्रिचाना, आणि टोमॅटोऐवजी अंडं आलं की कार्बोनारा. जिन्नस इतके मोजके, की लपवायला जागाच नाही. चीज हलकं असलं, ग्वान्चालेच्या जागी साधं बेकन आलं किंवा पास्ता जास्त शिजला, की पहिल्याच घासाला कळतं.

यातली आमात्रिचाना आमात्रिचे या डोंगराळ गावच्या नावाने ओळखली जाते. 24 ऑगस्ट 2016 च्या भूकंपात ते गाव उद्ध्वस्त झालं, तेव्हा अनेक रेस्टॉरंटांनी या पदार्थाच्या प्रत्येक प्लेटमागे काही रक्कम मदतीसाठी बाजूला काढली. 2020 मध्ये युरोपीय संघाने तिच्या पारंपरिक पाककृतीला संरक्षित दर्जा दिला. कार्बोनारा मात्र वाटते तितकी जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच तिचा उल्लेख सापडू लागतो. 1954 साली ‘ला कुचिना इतालियाना’ या मासिकात छापलेल्या कृतीत तर लसूण आणि स्वित्झर्लंडचं ग्रुयेर चीजही होतं. आजची अंडं, पेकोरिनो, ग्वान्चाले आणि मिरी ही मांडणी त्यानंतर हळूहळू पक्की झाली. पण आज ती पक्की आहे, आणि तिच्यात क्रीम नाही. मेन्यूवरच्या फोटोतली कार्बोनारा पांढऱ्या सॉसमध्ये पोहत असेल, तर पुढच्या दाराकडे वळावं.

क्रीम का नको, हे काचो ए पेपे होताना पाहिलं की समजतं. तेस्ताच्चो भागात 1936 पासून चालत आलेल्या ‘फेलिचे’मध्ये हा पदार्थ टेबलाशीच कालवतात. वाफाळत्या तोन्नारेल्लींवर, म्हणजे चौकोनी धारेच्या जाड शेवयांवर, किसलेल्या पेकोरिनोचा ढीग आणि भरड मिरी असते. वेटर काटा आणि चमचा घेऊन ते सगळं झपाझप खालीवर करतो. सुरुवातीला चीजचा कोरडा कीस दिसतो, मग तो पास्त्याच्या पाण्यात विरघळू लागतो आणि बघता बघता प्रत्येक शेवईवर चकचकीत, दाट थर चढतो. क्रीमचा थेंब नाही, लोण्याचा तुकडा नाही. सगळी करामत पास्ता उकडलेल्या पाण्यातल्या स्टार्चची. चीज फार तापलं तर त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. स्टार्च त्यांना तसं चिकटू देत नाही. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने यावर रीतसर प्रयोग केले आणि चीजच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के स्टार्च असला की सॉस फुटत नाही, असं दाखवलं. त्या संशोधनाला 2025 चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनासाठीचं पारितोषिक, मिळालं. क्रीम घातलं की हे कौशल्य लागतच नाही, आणि पेकोरिनोची धारही बोथट होते. म्हणूनच नवख्या ठिकाणाची परीक्षा घ्यायची तर काचो ए पेपे मागवावी.

तेस्ताच्चोचं नाव आलंच आहे, तर तिथे थोडं थांबायला हवं. तिबर नदीकाठच्या या कामगारवस्तीत 1888 ते 1891 या काळात शहराचा मोठा कत्तलखाना उभा राहिला आणि तो 1975 पर्यंत चालला. चांगलं मांस श्रीमंतांच्या घरी जाई. कामगारांच्या वाट्याला मजुरीचा भाग म्हणून शेपूट, आतडी, वजडी, काळीज असे अवयव येत. त्यातून जी पाककला उभी राहिली तिला रोमन लोक ‘क्विंतो क्वार्तो’ म्हणतात. गाईबैलाच्या शेपटीचं टोमॅटो आणि सेलरीत तासन्‌तास शिजवलेलं कालवण, पेकोरिनो आणि पुदिना घातलेली वजडी हे पदार्थ इथले. कत्तलखान्यासमोरचं, 1887 पासून चालत आलेलं ‘केक्किनो’ आजही हेच करतं. गरिबांचं हे जेवण आज रोमचा अभिमान आहे, आणि ज्या मेन्यूवर ते दिसतं, ते ठिकाण शहरातल्या लोकांसाठी चालतं याची बऱ्यापैकी खात्री धरता येते. एरवी फक्त पर्यटकांच्या जिवावर जगणारा मालक वजडी कशाला शिजवील?

वार आणि ऋतू यांच्याकडेही लक्ष द्यावं. रोममध्ये गुरुवारी न्योक्की (बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे), शुक्रवारी मासे आणि शनिवारी वजडी असा जुना पायंडा आहे आणि अनेक त्रात्तोरिया, म्हणजे साध्या घरगुती खानावळी, तो अजून पाळतात. भाज्यांचं तर वेळापत्रकच ठरलेलं. पुंतारेल्ले ही चिकोरीच्या कोवळ्या कोंबांची कुरकुरीत कोशिंबीर हिवाळ्यातली. आर्टिचोकचा खरा हंगाम हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंतचा. जुन्या ज्यू वस्तीत आर्टिचोक अख्खा दाबून, फुलवून, तेलात दोनदा तळतात. पाकळ्या सोनेरी होतात आणि वेफरसारख्या कुडुम कुडुम मोडतात. 1555 ते 1870 या काळात पोपच्या हुकमाने एका अरुंद वस्तीत कोंडल्या गेलेल्या समाजाने शहराला दिलेला हा पदार्थ. ऑगस्टमध्ये कुणी ‘ताजा’ आर्टिचोक पुढे केला, तर तो कुठून आला असेल याचा अंदाज बांधावा.

आता दारावरचा मेन्यू. इटलीत तो दरांसह बाहेर लावलेला असतो, त्यामुळे आत न शिरताही बरंच कळतं. मेन्यू एक-दोन पानांचा असेल, इटालियनमध्ये असेल, त्यात हाताने लिहिलेले आजचे पदार्थ असतील, तर चिन्ह चांगलं. पदार्थाशेजारी बारीक तारांकन दिसलं तर तळाची टीप वाचावी. गोठवलेला माल वापरला असेल तर तसं कळवणं बंधनकारक आहे आणि ते सहसा या खुणेने कळवतात. माशांच्या प्रत्येक पदार्थावर तारा असेल, तर मासे तिथे खाऊ नयेत. वेळही बोलते. रोमन माणूस दुपारी एकच्या सुमारास आणि रात्री आठनंतर जेवतो. मधल्या वेळात बऱ्याच त्रात्तोरिया बंद असतात, आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेतात आणि 15 ऑगस्टच्या आसपास कित्येक ठिकाणी कुलूप असतं. संध्याकाळी पाच वाजता गरम लझान्या वाढणारी जागा कुणासाठी उघडी आहे, ते उघड आहे.

मात्र प्रसिद्ध वास्तूपासून दूर गेलं की चांगलंच मिळतं, हाही नियम नव्हे. पॅन्थिऑनपासून काही पावलांवर ‘आर्मान्दो’ आहे. 1961 पासून एकाच कुटुंबाच्या हातात असलेली ही त्रात्तोरिया शहरातल्या उत्तम रोमन जेवणासाठी ओळखली जाते. फरक इतकाच, की तिथे दारात उभं राहून कुणी बोलावत नाही. टेबल बरेच दिवस आधी राखून ठेवावं लागतं.

भरवशाचे मार्गदर्शकही आहेत. 1986 मध्ये रोमच्या पियात्सा दि स्पान्या या देखण्या चौकात मॅकडोनाल्ड्स उघडलं, तेव्हा कार्लो पेत्रिनी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निषेध केला. त्यातून पुढे स्लो फूड ही चळवळ उभी राहिली. तिने 1990 मध्ये ‘ओस्तेरिए द’इतालिया’ ही साध्या, स्थानिक खानावळींची मार्गदर्शिका काढली. ती आजही दरवर्षी निघते आणि सर्वांत आवडत्या जागांना गोगलगायीचं चिन्ह देते. ‘गाम्बेरो रोस्सो’ उत्तम त्रात्तोरियांना तीन कोळंब्या देतं. इंटरनेटवरच्या हजारो अनोळखी ताऱ्यांपेक्षा ही दोन चिन्हं अधिक कामाची.

शाकाहारी वाचकांनी थोडं सावध असावं. पेकोरिनो रोमानोत कोकराच्या आणि पार्मेसानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, वापरतात. पुंतारेल्लेवर अँकोव्ही या छोट्या माशाचं ड्रेसिंग असतं, भोपळ्याच्या तळलेल्या फुलांतही तो दडलेला असतो, आणि सुप्पली या तळलेल्या भाताच्या गोळ्यात बहुधा खिमा असतो. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ केलं तरी पुष्कळ काम होतं. लसूण-मिरचीची स्पॅगेटी, लसणीत परतलेली चिकोरीची भाजी, तळलेला आर्टिचोक यांवर उत्तम जेवण होतं. ज्यू वस्तीतल्या काही कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणाऱ्या, जागा फक्त दुधाच्या पदार्थांच्या असतात. तिथे मांस शिजतच नाही, मासे मात्र असू शकतात. घाईच्या वेळी तुकड्यावर मिळणारा पिझ्झा आहेच. कात्रीने कापून, वजनावर विकतात. हवा तेवढा बोटाने दाखवायचा.

बिल आलं की वाचावं. रोम ज्यात येतं त्या लात्सियो प्रांतात 2006 च्या कायद्याने ‘कोपेर्तो’ हे नुसतं टेबलावर बसण्याचं शुल्क बंद झालं आहे. ब्रेडचे पैसे लावतात, पण ब्रेड नको असेल तर आधी सांगता येतं. टिप ऐच्छिक असते. ती बिलात परस्पर आली असेल, तर विचारावं.

इटालियन पाककलेची डिसेंबर 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. तो निर्णय झाला दिल्लीत, आपल्या दिवाळीची नोंद झाली त्याच बैठकीत. या मानाचा खरा धनी मोठ्या हॉटेलांतला नामांकित शेफ नाही, तर दुपारी बंद होणारी, एका पानाचा मेन्यू लावणारी गल्लीतली त्रात्तोरिया आहे. भाडी वाढत आहेत, अनेक कुटुंबांची पुढची पिढी या धंद्यात येत नाही, आणि या जागा टिकतील त्या गिऱ्हाइकांच्या निवडीवरच. म्हणून रोमला जाणाऱ्यांनी तिकिटं काढतानाच एक संध्याकाळ तेस्ताच्चोसाठी बाजूला ठेवावी, टेबल आधी राखून ठेवावं, रात्री साडेआठला पोहोचावं आणि मेन्यू बंद करून वेटरला विचारावं, की आज काय चांगलं आहे.