महाविद्यालयीन शिक्षणाचा खरा खर्च : आदिलाबादच्या संदर्भात

"फी माफ आहे, म्हणजे शिक्षण फुकट," असा समज आपल्या जिल्ह्यात रूढ आहे. तो अपुरा का आहे आणि अध्यापकांनी तो का समजून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फी प्रतिपूर्तीची योजना अविभाजित आंध्र प्रदेशात २००८-०९ पासून व्यापक प्रमाणावर राबवली गेली आणि २०१४ नंतर तेलंगणानेही ती चालू ठेवली. उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या विद्यार्थ्याची शिक्षण फी शासन थेट महाविद्यालयाला देते; मात्र ७५ टक्के हजेरीची अट असते. शासनाकडून रक्कम यायला विलंबही होतो. थकबाकीसाठी राज्यातील खासगी महाविद्यालयांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद पुकारला होता. रक्कम अडकली की तिचा ताण फिरून विद्यार्थ्यावरच येतो : कुठे फी आधी मागितली जाते, कुठे दाखले थांबतात.

फीखेरीज दोन खर्च उरतात. पहिला रोखीचा : प्रवास, डबा-चहा, पुस्तके, परीक्षा शुल्क. दुसरा बुडालेल्या मजुरीचा. तो कोणत्याही पावतीवर येत नाही, पण घराला तोच जास्त जाणवतो.

उदाहरणादाखल आकडे मांडू. बेला किंवा जैनथकडील एक मुलगा रोज आदिलाबादला येतो. वर्षात शिकवणीचे दिवस १८० धरू. डबा-चहा रोज ३० रुपये, म्हणजे ५,४००, बसपास ४,०००, पुस्तके व परीक्षा ५,०००. रोख खर्च झाला १४,४०० रुपये. कापूस वेचणीच्या हंगामातील ६० दिवस, रोजी ४०० रुपये धरली, तर बुडालेली मजुरी २४,०००. एकूण ३८,४०० रुपये, आणि यात फीचा एक पैसाही नाही. ९ डिसेंबर २०२३ पासून राज्याच्या हद्दीत साध्या व एक्सप्रेस बसने स्त्रियांचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे मुलीच्या हिशेबातून ४,००० रुपये वजा होतात. मजुरीचा आकडा मात्र तिच्याही बाबतीत तसाच राहतो.

आता खरी मेख पाहा. ७५ टक्क्यांच्या हिशेबात १८० पैकी फक्त ४५ गैरहजेऱ्या चालतात. मुलगा ६० दिवस वेचणीला गेला, तर हजेरी ६७ टक्क्यांच्या आत येते. मग प्रतिपूर्ती हातची जाते आणि माफ समजलेली फी घराच्या अंगावर पडते. मजुरी वाचवायला गेलेले घर फी गमावते, आणि बऱ्याचदा मुलाचे शिक्षण तिथेच सुटते. अशा विद्यार्थ्याला आपण "तालीमची आवड नाही" म्हणून मोकळे होतो. वास्तविक तो घराचा हिशेब सांभाळत असतो.

यावर अध्यापकांच्या हाती तीन गोष्टी आहेत. प्रवेशाच्या वेळीच पालकांना समोर बसवून वर्षाचा असा हिशेब कागदावर मांडावा. ४५ दिवसांची मर्यादा ऑक्टोबरपूर्वी सांगावी आणि दर महिन्याला हजेरी दाखवावी. अंतर्गत चाचण्या शक्यतो वेचणीच्या ऐन भरात ठेवू नयेत.

शिक्षण स्वस्त करणे आपल्या हाती नाही. पण त्याची खरी किंमत घराला आधी कळली, तर ती पेलण्याची तयारी ते घर करू शकते.