संगणकाच्या दप्तरातील मराठी नाव

गावच्या दप्तरात नागरिकाचे नाव अचूक लिहिले जाणे, ही केवळ शुद्धलेखनाची बाब नव्हे. वारसाची नोंद, जन्माचा दाखला, शाळेतील प्रवेश या साऱ्यांना त्याच नावाचा आधार असतो. दप्तर संगणकावर आल्यानंतर ही जबाबदारी काही अंशी यंत्रावरही येऊन पडली आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला कळतो तो अंक. एका बाईटमध्ये २५६ संकेतच मावतात. इंग्रजीला ते पुरेसे होते. मराठीसाठी मात्र पूर्वी इंग्रजी अक्षरांच्या जागी नागरी आकार बसविण्यात आले. असा मजकूर, तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की निरर्थक चिन्हे दिसतात.

१९९१ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या युनिकोडने देवनागरीस १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग दिला. १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाईक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यातील प्रत्येक चिन्हास ३ बाईट लागतात. 'वाशिम' या शब्दात अक्षरे तीन दिसत असली, तरी काना व वेलांटी धरून चिन्हे ५, म्हणजे १५ बाईट होतात. नोंदीच्या रकान्यास १० बाईटची मर्यादा असेल, तर 'वाश' एवढेच शाबूत राहते. म्हणून रकान्याची लांबी ठरविताना हा हिशेब ध्यानी घेतला पाहिजे.

१९९१ मध्येच अवतरलेली लिनक्स ही मुक्त स्रोत प्रणाली कोणालाही तपासता व सुधारता येते. या मोकळिकीमुळे तीत भारतीय भाषांची सोय करणे शक्य झाले. सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये तिच्यावर आधारित 'बॉस' ही भारतीय प्रणाली सादर केली.

अशा प्रणालीवर मराठीसाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात: भाषेची निवड 'मराठी, भारत, यूटीएफ-८' अशी करणे, इनस्क्रिप्ट कळफलक जोडणे आणि लोहितसारखा युनिकोड फॉन्ट बसविणे. मग ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर टंकली, तरी पडद्यावर ती योग्य जागी, अक्षराआधी उमटते. समुद्र या अर्थाचा 'दर्या' आणि डोंगरातील 'दऱ्या' हा भेदही कायम राहतो.

तथापि, सर्वच काम यंत्रावर सोपविता येत नाही. 'वाशिम' व 'वाशीम' हे संगणकाच्या लेखी दोन भिन्न शब्द आहेत. एकाचा शोध घेतल्यास दुसरा सापडेलच असे नाही. म्हणून प्रत्येक कार्यालयाने गावांच्या नावांचे एकच लेखन ठरवावे. जुन्या फॉन्टमधील नोंदी युनिकोडमध्ये आणल्यावर प्रत्येक नाव मूळ नोंदवहीशी ताडून पाहावे आणि ते पूर्ण होईपर्यंत मूळ वही जपून ठेवावी.