योग शिकविण्यापूर्वी

मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग सोडून गाडी पूर्वेकडे निघाली की लगेच जी लहान स्थानके लागतात, त्यांपैकी एकाचे नाव ‘भिलाई पॉवर हाउस’ असे आहे. नाव ऐकून आपणांस एखाद्या मोठ्या यंत्रघराची आठवण होईल. प्रत्यक्षात ती बाजाराची, गजबजलेली वस्ती आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि त्यानंतर देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येथे पोटासाठी येऊन स्थिरावली. विदर्भातून आलेल्या अशाच एका घरात मी सून म्हणून आले. आमच्याकडे घड्याळापेक्षा पाळीला मान अधिक. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी! यजमान रात्रपाळी करून सकाळी झोपत, तेव्हा मुलांना ‘हळू बोला’ असे सांगण्यातच माझा निम्मा दिवस जाई. पुढे यजमान निवृत्त झाले, मुले नोकरीनिमित्त दूर गेली आणि माझ्या हाती अचानक पुष्कळ वेळ आला.

त्या वेळेचे मी काय केले ते आज आपणांस सांगावयाचे आहे, आणि त्यातील एक गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो.

कंबरदुखीवर उपाय म्हणून मी आसने करू लागले होते. एक पुस्तक होते, दूरचित्रवाणीवर एक सकाळचा कार्यक्रम होता, एवढेच काय ते माझे गुरुकुल. सहा महिन्यांत कंबर सुधारली. मग शेजारच्या चार-पाच बायका अंगणात सतरंज्या घेऊन येऊ लागल्या, आणि पाहता पाहता मी ‘योगवाल्या बाई’ झाले. कौतुक कोणास नको असते? आमच्या शेजारी एक काका राहतात. भंडाऱ्याकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. तेही एके दिवशी येऊन बसले. त्यांना मी पश्चिमोत्तानासन शिकविले. पाय पसरून पुढे वाकावे, हातांनी पायाचे अंगठे धरावे. काकांचे हात गुडघ्यांपर्यंतच पोहोचत. मी म्हणाले, “आणखी थोडे, काका, आणखी थोडे!” आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून दाबले.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. त्यांच्या कमरेतून डाव्या पायात कळ उतरली होती. मणक्यांमधील एक गादी त्यांची पूर्वीच सरकलेली होती, हे मला नंतर कळले. मी विचारले नव्हते म्हणून त्यांनी सांगितले नव्हते. तीन आठवडे ते अंथरुणावर होते. मी रोज जाऊन बसत असे. “सूनबाई, तुमचा काय दोष?” असे ते म्हणत, आणि त्याने मला अधिकच शरमल्यासारखे होई. दोष माझाच होता. गादी सरकलेल्या माणसाने पुढे वाकून पाठीवर भार घेणे हे दुखणे वाढविण्याचेच काम आहे, हे आज मला ठाऊक आहे. त्या दिवशी नव्हते.

वर्ग बंद केला. यजमान म्हणाले, “बंद कशाला? शिकून ये.” पन्नाशीच्या आसपास असलेल्या बाईने पुन्हा विद्यार्थिनी व्हावयाचे, हा विचार प्रथम हास्यास्पद वाटला. नागपूर आम्हांला जवळचे. तेथे रामनगरात योगमूर्ती जनार्दन स्वामींचे योगाभ्यासी मंडळ आहे आणि ते विनाशुल्क योग शिकविण्याबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु मला घर सोडून, रात्रंदिवस त्याच वातावरणात राहून शिकावयाचे होते. म्हणून दुर्गहून पुण्याची गाडी धरली आणि तेथून लोकलने लोणावळ्यास, कैवल्यधामात सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी गेले.

कैवल्यधामाची कथा आपण ऐकली नसेल तर थोडी ऐकावी, कारण मला पडलेला प्रश्न त्या संस्थेच्या संस्थापकांना शंभर वर्षांपूर्वी निराळ्या रीतीने पडला होता. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली डभोई येथे झाला. संस्कृतचे व्यासंगी, लोकमान्यांच्या विचारांनी भारलेले, बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या व्यायामशाळेत तयार झालेले. पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत ते प्राध्यापक व प्राचार्य झाले. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्यांकडे त्यांना योगाचे शिक्षण मिळाले, आणि हेच गुणे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. गुरूवर श्रद्धा होती, तरीही ‘हे असे होते’ एवढ्या सांगण्यावर ते थांबले नाहीत. आसनांचा आणि क्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साह्याने ते पाहू लागले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले.

त्यांच्या प्रयोगांपैकी एक मला फार आवडतो. नौली नावाची एक क्रिया आहे. श्वास पूर्णपणे बाहेर सोडून, पोट आत खेचून, पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे काढावयाचे. ही क्रिया करणारा माणूस पाण्यात बसून मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेऊ शकतो, असे जुने ग्रंथ सांगत. ऐकणारास ते चमत्कार वाटे, किंवा थाप. कुवलयानंदांनी आतड्यातील दाब मोजण्यासाठी दाबमापक नळी लावली. नौलीच्या वेळी तेथील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे अंशतः निर्वात स्थिती होते, असे त्यांस आढळले. पाणी आत जाते ते याच कारणाने. चमत्कारही नव्हे आणि थापही नव्हे! या निर्वात स्थितीस त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. आणि जेथे लोकांची समजूत प्रयोगात टिकली नाही, तेथे तेही त्यांनी सांगितले. प्राणायामात आपण पुष्कळ जास्त प्राणवायू घेतो, असे आजही गल्लोगल्ली सांगितले जाते; त्यांच्या मोजमापांत या समजुतीस आधार मिळाला नाही. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी इतरत्र शोधले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन हे अभ्यासकही त्यांच्याकडे येऊन राहिले होते, आणि त्यांचे योगावरील पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. स्वामीजी १९६६ साली निवर्तले.

भगिनींसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. याच माधवदासजींचे दुसरे एक शिष्य मणिभाई देसाई, म्हणजेच श्रीयोगेंद्र. त्यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी मुंबईत वर्सोवा येथे ‘योग इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. ती आज सांताक्रूझला आहे. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांच्या योगशिक्षणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १९३४ साली. योग हा संन्याशांचा आणि तोही पुरुषांचा, असे मानण्याचा तो काळ. त्या काळी एक गृहिणी इतर गृहिणींसाठी लिहावयास बसली. माझ्या मनाला या गोष्टीचा फार आधार वाटला.

आता प्रशिक्षणाविषयी. आपणांपैकी कोणास वाटत असेल की तेथे दिवसभर आसनेच करीत असतील, तर तसे नाही. पहाटे उठावयाचे, जलनेतीने नाक स्वच्छ करावयाचे, मग आसने व प्राणायाम. कोमट, मिठाचे पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढताना पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांतून जी धार लागली, ती पाहून माझ्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या मैत्रिणींची चांगलीच करमणूक झाली. दुपारी पतंजलींची योगसूत्रे, हठप्रदीपिका. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे शरीररचना आणि शरीरक्रिया. हाडे, सांधे, मणके, हृदय, श्वसन. मणक्यांमधील गादी कशी असते, पुढे वाकल्यावर तिचा भार कोणीकडे सरकतो, हे फळ्यावरील आकृतीत पाहिले तेव्हा मला काकांचा चेहरा दिसू लागला. त्या दिवशी मी वहीत काही लिहिले नाही.

पाठ घेण्याचाही सराव असे. आपण सहाध्यायांपुढे उभे राहून एखादे आसन शिकवावयाचे आणि मग चुका ऐकून घ्यावयाच्या. प्रथम आसनाचे नाव सांगा. मग ते कोणी करू नये ते सांगा. मग करून दाखवा. मग शब्दांनी करवून घ्या. माझी मोठी चूक अशी निघाली की मी फार बोलते आणि फार ‘आणखी थोडे’ म्हणते. पतंजलींनी आसनाकडून दोनच अपेक्षा केल्या आहेत, ते स्थिर असावे आणि सुखकर असावे. ‘आणखी थोडे’ या दोहोंत कोठे बसते, असे मला विचारण्यात आले. मला उत्तर देता आले नाही.

कोणी काय करू नये, ही यादी मी तेथे पाठ केली आणि ती आपणही ध्यानात ठेवावी असे वाटते. रक्तदाब वाढलेला असेल किंवा डोळ्यांत काचबिंदू असेल तर शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये. गर्भवती स्त्रीने कपालभाती करू नये. हर्निया असणाऱ्याने पोटावर ताण देणाऱ्या क्रिया टाळाव्यात. जेवणानंतर लगेच काहीच करू नये. आणि शिकविणारा आपल्या प्रकृतीविषयी एक शब्दही न विचारता सतरंजी पसरावयास सांगत असेल, तर आपण सतरंजी उचलून घरी यावे. मग तो शिकविणारा माझ्यासारखा प्रेमळ शेजारी का असेना!

ज्यांना हे काम पत्करावयाचे आहे त्यांच्यासाठी आता मार्ग पुष्कळ आहेत. लोणावळ्याच्या महाविद्यालयात दीर्घ मुदतीचे पदविका अभ्यासक्रमही चालतात. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने २०१८ साली योगशिक्षकांच्या परीक्षेसाठी प्रमाणन मंडळ स्थापन केले आहे. त्याच्या पहिल्या पायरीसाठी २०० तासांचा अभ्यास धरलेला आहे. २०० तास हा आकडा मोठा वाटतो. स्वयंपाकघरात आपण घालविलेल्या तासांशी ताडून पाहिला तर तो अगदीच किरकोळ आहे. तेवढ्याने कोणी वैद्य होत नाही, हेही खरे.

मला स्वतःस काय मिळाले? खोटे सांगणार नाही. वजन फारसे उतरले नाही. रक्तदाबाची गोळी सुटली नाही. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ती सोडावयाची नाही असा माझा नियम आहे. कंबर मात्र टिकून आहे, आणि त्यात मी एकटी नाही. अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७ साली जुनाट कंबरदुखीवर औषधापूर्वी करून पाहण्याच्या उपायांत योगाचाही समावेश केला आहे. झोपेत फार फरक पडला. इतकी वर्षे पाळ्यांच्या तालावर जगलेले शरीर निवृत्तीनंतरही रात्री दोन वाजता जागे होई. आता निजण्यापूर्वी दहा मिनिटे, श्वास घेण्यापेक्षा सोडावयास अधिक वेळ देत, मी स्वस्थ बसते. श्वास असा लांबविला की हृदयाची गती मंदावते. हे कोणीही स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून पाहू शकेल. यजमान प्रथम हसत असत. आता तेही बसतात, फक्त त्यांना पाच मिनिटांतच डुलकी लागते.

रागाचे मात्र मला निश्चित सांगता येणार नाही. मी कमी रागावते असे मला वाटते. मुलगी म्हणते, “आई, तू फक्त हळू आवाजात रागावतेस.”

परत आल्यावर वर्ग पुन्हा सुरू केला. आता एक वही ठेवली आहे. नवीन माणूस आले की प्रथम त्याच्याशी बोलणे होते: वय, जुनी दुखणी, शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधे. बायकांना हे सांगावयास वेळ लागतो. अनेकींना आपले दुखणे कोणी विचारील याची सवयच नसते, आणि काही वेळा सारी सकाळ त्यातच निघून जाते; आसने राहून जातात. मी ती सकाळ वाया गेली असे समजत नाही.

काकांकडे मी वही घेऊन गेले, तेव्हा त्यांनी डॉक्टरांचे सगळे कागद माझ्यापुढे ठेवले. डॉक्टरांना विचारूनच आम्ही आरंभ केला. पुढे वाकणे नाही, पीळ देणे नाही. उताणे निजून गुडघे दुमडावयाचे, श्वास पाहावयाचा, आणि खुर्चीवर ताठ बसून हात वर न्यावयाचे. पहिल्या आठवड्यात त्यांचे हात कानांपर्यंतही येत नव्हते. परवा ते कानांच्या वर गेले. काकांनी माझ्याकडे पाहून विचारले, “आणखी थोडे?”

“नाही काका,” मी म्हणाले, “आज येथेच थांबू या.”