वाट पाहणारा पडदा

परीक्षेचा अर्ज भरून आपण ‘सादर करा’ हे बटण दाबतो आणि पडदा जागच्या जागी गोठतो. अर्ज गेला की नाही? पुन्हा दाबावे, तर शुल्क दोनदा कापले जाण्याची धास्ती. थांबावे, तर मुदत टळण्याची. हा त्रास यंत्राच्या संथपणाचा असतो, त्याहून अधिक त्याच्या मौनाचा असतो.

संथपणा पूर्णपणे घालवता येत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. म्हणजे वाटेत कोठेही न थांबता निरोप जाऊन उत्तर यायला सेकंदाचा आठवा भाग तरी लागणारच. जेकब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादांनुसार ०.१ सेकंदापर्यंतचा प्रतिसाद आपल्याला तत्क्षणी आल्यासारखा वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष उडते.

मग पडदा गोठतो का? ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचे काम, बटणांना प्रतिसाद आणि पडदा रंगवणे हे सारे मुख्यतः एकाच धाग्यावर चालते. त्या धाग्याने सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत बसायचे ठरवले, की बाकी सगळे अडते. हॉटेलातला वेटर ऑर्डर आत सांगून दुसऱ्या टेबलाकडे वळतो. पदार्थ तयार झाला की त्याला हाक येते. असमकालिक विनंतीचे तत्त्व हेच. या पद्धतीने पाने घडवण्याच्या तंत्राला जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ साली ‘एजॅक्स’ हे नाव दिले.

याच्याही पुढची युक्ती म्हणजे उत्तर येण्याआधीच काम झाले असे दाखवणे. छायाचित्राला दिलेली पसंती लगेच उमटते. विनंती फसली, तर ती मागे घेतली जाते. तिथे हे चालते, कारण चूक स्वस्त असते. पैसे किंवा अर्ज यांच्या बाबतीत मात्र ‘झाले’ असे आधीच सांगणे म्हणजे थाप मारणे. तिथे बटण दाबताच ‘पाठवत आहोत’ असे सांगावे आणि प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक द्यावा. तीच विनंती पुन्हा आली, तर सर्व्हर क्रमांक ओळखतो आणि शुल्क दुसऱ्यांदा कापत नाही.

वाट पाहायला माणसे तयार असतात. कशाची वाट पाहतो आहोत, एवढे त्यांना कळले पाहिजे.