एक लाख किलोमीटर चाललेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं की हात लावायचा नाही?

चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोलीच्या रस्त्यांवर एमएच-३४ आणि एमएच-३३ च्या गर्दीत मधूनच एमएच-१२ किंवा एमएच-१४ पासिंगची गाडी दिसते. पुण्यात सात-आठ वर्षं चाललेली, ऑटोमॅटिक, बॉडी चकाचक आणि किंमत बजेटमध्ये बसणारी. मीटर मात्र एक लाखाच्या पुढे गेलेला.

अशी गाडी घरी आली की पहिल्या सर्व्हिसिंगला एक प्रश्न हमखास निघतो. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं का?

एक मेकॅनिक म्हणतो, "लाख झालेत, बदलून टाका." दुसरा म्हणतो, "चालतंय ना? मग हात लावू नका. ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो." तिसरा म्हणतो, "हे लाइफटाइम ऑइल असतं, बदलायचं नसतंच."

गंमत म्हणजे तिघांच्याही बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण चुकीच्या गाडीला चुकीचा सल्ला लागू केला, तर काही हजारांत भागणारं काम लाखाच्या घरात जाऊ शकतं. शिवाय भामरागड किंवा सिरोंचाकडे जाताना जंगलात गाडी बंद पडली, तर तिथून वर्कशॉपपर्यंत पोचणं हेच मोठं काम होऊन बसतं.

म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

सगळ्यात आधी: तुमची गाडी कोणती ऑटोमॅटिक आहे?

क्लच पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढंच आपण धरतो. प्रत्यक्षात भारतात चार वेगवेगळ्या प्रकारचे गिअरबॉक्स 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली विकले जातात आणि चौघांचं ऑइल वेगळं असतं.

पहिला प्रकार एएमटी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून हा प्रकार भारतात सर्वसामान्यांपर्यंत पोचला. मारुती त्याला एजीएस म्हणते. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी मशीन करतं. त्यामुळे यात मॅन्युअल गाडीसारखंच गिअर ऑइल असतं. ज्या एएमटीत हायड्रॉलिक यंत्रणा असते, तिथे तिचं वेगळं, थोडंसं फ्लुइड एका छोट्या डब्यात असतं. एएमटी गाडी झटके देत असेल, तर बहुतेकदा दोष क्लच, त्याचं सेटिंग किंवा गिअर टाकणाऱ्या यंत्रणेत असतो. गिअर ऑइल बदलून तो झटका सहसा जात नाही.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. इनोव्हा क्रिस्टा, क्रेटा डिझेल, एर्टिगा यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हा असतो. 'एटीएफ' म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड हा शब्द खऱ्या अर्थाने याच्यासाठी आहे.

तिसरा सीव्हीटी, म्हणजे होंडा सिटी, अमेझ, जॅझ यांच्यातला. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि एक स्टीलचा पट्टा यांच्यावर सगळं काम चालतं. याचं फ्लुइड वेगळं असतं आणि साधं एटीएफ यात चालत नाही.

चौथा ड्युअल क्लच. फोक्सवॅगनचा डीएसजी हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. यातही कोरडा क्लच आणि ऑइलमध्ये बुडालेला क्लच असे दोन उपप्रकार आहेत आणि दोघांचं वेळापत्रक वेगळं आहे.

फक्त गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका. बलेनोचंच घ्या. २०१५ मध्ये आलेल्या बलेनोच्या ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी होता. २०२२ च्या नव्या मॉडेलमध्ये त्याची जागा एजीएसने घेतली. दोन्ही बलेनो, दोन्ही ऑटोमॅटिक, पण ऑइल पूर्णपणे वेगळं. त्यामुळे गाडीचं मॉडेल, वर्ष आणि मॅन्युअल पाहिल्याशिवाय ऑइलचा डबा विकत घेऊ नका.

हे ऑइल नेमकं काय करतं?

इंजिन ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. टॉर्क कन्व्हर्टर गाडीतल्या एटीएफवर त्याहून बरीच जास्त जबाबदारी असते. इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे याच्यातूनच जाते. याच्याच दाबावर गिअर बदलतात. आतली उष्णता हेच बाहेर काढतं. आणि आतले क्लच किती घट्ट, किती अलगद पकडतील हेही याच्यावर ठरतं.

हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक आहे. ऑइल जास्त निसरडं असलं की क्लच घसरतात, कमी निसरडं असलं की गाडी झटके देते. हा तोल साधायला ऑइलमध्ये खास रसायनं घालावी लागतात. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत 'हायड्रामॅटिक' हा मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. त्यानंतरची बरीच वर्षं या कामासाठी चक्क स्पर्म व्हेलचं तेल वापरलं जायचं. १९७० च्या दशकात अमेरिकेत व्हेलच्या संरक्षणाचे कायदे कडक झाले आणि तेल कंपन्यांना पर्यायी रसायनं शोधावी लागली.

आज प्रत्येक कंपनीचं फ्लुइड वेगळं आहे ते याच कारणामुळे. टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडा सीव्हीटीचं एचसीएफ-२, ह्युंदाईच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकचं एसपी-४. रंग सारखा दिसला म्हणून एकाच्या जागी दुसरं टाकता येत नाही.

'लाइफटाइम' म्हणजे कोणाचं लाइफ?

काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हे फ्लुइड बदलायची गरज नाही असं लिहिलेलं असतं. पण अनेक मोठ्या ब्रँडना गिअरबॉक्स बनवून देणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतः आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला असं सांगते. फोक्सवॅगनच्या ओल्या क्लचच्या सहा गिअर डीएसजीला ६० हजार किलोमीटरला ऑइल बदलावं लागतं.

मॅन्युअलमध्ये आणखी एक गोष्ट असते, ती आपण वाचत नाही. अनेक मॅन्युअलमध्ये सर्व्हिसचे दोन तक्ते असतात. एक साध्या वापराचा, दुसरा खडतर वापराचा. खडतर म्हणजे कडक ऊन, धूळ, खराब रस्ते, वजन ओढणं आणि सतत थांबत-थांबत चालवणं.

आता हे वर्णन कुठल्या भागाला लागू पडतं ते सांगायची गरज नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत गिअरबॉक्सवर जास्त ताण का येतो?

चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं नवीन नाही. एटीएफचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता आहे. गरम झालेलं फ्लुइड रेडिएटरजवळच्या कूलरमधून थंड होऊन परत येतं. पण बाहेरची हवाच ४५ अंश असेल, तर ते थंड होणार तरी किती?

त्यात कोळशाची धूळ. कोळसा खाणींच्या परिसरात रोज फिरणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि चिखल बसतो, हवा कमी खेळते.

तिसरी गोष्ट म्हणजे ट्रकच्या रांगा. टॉर्क कन्व्हर्टर एकसारख्या वेगात 'लॉक' होतो, तेव्हा उष्णता कमी तयार होते. पण आष्टी-आलापल्लीच्या पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकमागे खड्ड्यांतून दहा-पंधराच्या वेगाने सरकताना तो लॉक होत नाही. ऑइल आतल्या आत घुसळत राहतं आणि तापतं. त्यामुळे महामार्गावरचे एक लाख किलोमीटर आणि इकडचे एक लाख किलोमीटर सारखे नसतात.

'ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला' हे खरं की खोटं?

असं घडतं. पण कारण वेगळं असतं.

बऱ्याचदा गाडीमालक ऑइल बदलायला तेव्हाच जातो, जेव्हा गाडी आधीच त्रास देत असते. आतले क्लच झिजलेले असतात. नवीन ऑइल झिजलेला क्लच भरून काढू शकत नाही. चार दिवसांनी गिअरबॉक्स बसतो आणि नाव ऑइलवर येतं.

दुसरं कारण प्रेशर फ्लशिंग. मशीन लावून दाबाने सगळं जुनं ऑइल बाहेर काढलं, की वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून बारीक वाहिन्यांत आणि व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. जास्त चाललेल्या आणि कधीच ऑइल न बदललेल्या गाडीत हा धोका जास्त.

तिसरं कारण चुकीचं ऑइल किंवा चुकीची लेव्हल.

म्हणजे ऑइल बदलणं हे औषध नाही. दुखणं होऊ नये म्हणून घ्यायची ती काळजी आहे.

मग निर्णय कसा घ्यायचा?

सकाळी थंड गाडीवर तपासणी करा.

ब्रेक दाबून आर आणि मग डी टाका. गाडीने एक-दोन सेकंदांत पकड घेतली पाहिजे. बराच वेळ काहीच झालं नाही किंवा जोरात धक्का बसला, तर शंका घ्या.

मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवा. इंजिनचा आवाज आणि आरपीएम वाढतोय पण गाडी उचलत नाही, असं होत असेल तर टॉर्क कन्व्हर्टर गाडीत क्लच घसरतोय. सीव्हीटीत जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आवाज आधी वाढणं मात्र काही प्रमाणात नेहमीचं आहे.

मग मेकॅनिककडून थोडं ऑइल काढून पांढऱ्या कागदावर पाहा. लालसर किंवा तपकिरी असेल आणि जळका वास नसेल तर ठीक. काळं, जळक्या वासाचं असेल तर आतलं काहीतरी झिजलंय.

- गाडी व्यवस्थित चालते, ऑइल फक्त जुनं आहे: बदला. उगाच वाट पाहू नका.
- गाडी चांगली चालते, पण ऑइल काळपट आहे: टप्प्याटप्प्याने बदला, फ्लशिंग नको.
- गाडी घसरते, धक्के देते, जळका वास येतो: आधी स्कॅनर लावून निदान करून घ्या. फक्त ऑइलवर पैसे घालवू नका. गाडी अजून घेतलेली नसेल तर घेऊच नका किंवा दुरुस्तीचा खर्च धरून भाव करा.

टप्प्याटप्प्याने म्हणजे कसं?

खालचा नट खोलून ऑइल काढलं तरी सगळं निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि पाइपमध्ये राहतं. समजा एका वेळी ४० टक्के ऑइल बदललं. मधे काही दिवस गाडी चालवून दुसऱ्यांदा तेवढंच बदललं, तर नव्या ऑइलचं प्रमाण ६४ टक्के होतं. तिसऱ्यांदा ते ७८ टक्क्यांवर जातं. दाब न लावता, गाळ एकदम न हलवता बहुतेक ऑइल नवीन होतं.

गॅरेजमध्ये उभं राहून काय पाहायचं?

जेवढं ऑइल निघालं ते मोजायला लावा. खाली ट्रे असेल तर त्यातलं चुंबक पाहा. त्यावर राखाडी मऊ लगदा दिसणं नेहमीचं आहे. धातूचे तुकडे किंवा कण बोटाला टोचत असतील, तर काम तिथेच थांबवून पुढचं निदान करा. फिल्टर बदलता येणारा असेल तर तोही बदला.

सगळ्यात जास्त चूक होते ती लेव्हलमध्ये. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर लेव्हलचा नट खोलून पातळी पाहायची असते. हे तापमान मॉडेलप्रमाणे वेगळं असतं आणि ते स्कॅनरवर दिसतं. मे महिन्याच्या दुपारी चंद्रपुरात उन्हात उभ्या गाडीचं ऑइल सुरू करायच्या आधीच ४० च्या वर असू शकतं. तापलेलं ऑइल फुगतं, त्यामुळे पातळी चुकीची दिसते आणि प्रत्यक्षात ऑइल कमी भरलं जातं. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करा.

पाणी आणि टोचन: दोन चुका महागात पडतात

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्याचं चित्र. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर शहरातल्या वस्त्यांतही पुराचं पाणी शिरलं होतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी नंतर धुऊन-पुसून विकायला येऊ शकते. गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी एक छोटी नळी असते, तिथून पाणी आत जातं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ते गुलाबी, दुधाळ दिसतं आणि क्लचवरचं अस्तर सुटायला लागतं. असं ऑइल दिसलं तर ती गाडी घेऊ नका. स्वतःची गाडी असेल तर ती चालू न करता वर्कशॉपला न्या.

ती न्यायची कशी, हेही महत्त्वाचं. इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समधला पंप फिरत नाही, म्हणजे आत वंगण पोचत नाही. दोर बांधून आलापल्लीहून चंद्रपूरपर्यंत टोचन केलं, तर दुरुस्त होऊ शकणारा गिअरबॉक्सही वाटेतच संपू शकतो. गाडी सपाट ट्रेलरवर चढवून न्या. ते शक्यच नसेल तर ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती चाकं उचलून न्या. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात.

थोडक्यात

जास्त चाललेल्या गाडीचं ऑइल बदलायला घाबरू नका, पण गिअरबॉक्सचा प्रकार आणि त्याची तब्येत पाहिल्याशिवाय बदलूही नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच फ्लुइड वापरा, फ्लशिंग टाळा, लेव्हल तापमान पाहून तपासा. आणि ऑइल कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला आणि कोणतं भरलं, हे बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी हाच प्रश्न पडेल, तेव्हा तिघांना विचारत बसावं लागणार नाही.