डेस्कटॉपवर आयकॉनची जत्रा भरलीय? ‘डॉक’ लावा, पण डाउनलोड करण्याआधी हे वाचा!

जून महिना म्हणजे दाखल्यांचा महिना. परभणी जिल्ह्यातलं पालम घ्या किंवा दुसरं कुठलंही तालुक्याचं गाव, या दिवसांत सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवाय, कुणाला रहिवासी, कुणाला नॉन-क्रिमीलेअर. ही गर्दी ओसरत नाही तोच पीक विम्याची रांग लागते.

अशा वेळी कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाचं एक वाक्य ठरलेलं असतं, “थांबा जरासं, इथंच कुठंतरी होतं…”

त्याचीही चूक नसते म्हणा. डेस्कटॉपवर सत्तर-ऐंशी आयकॉन असतात. ब्राउझर, स्कॅनर, फोटो छोटा करायचं सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगसाठी आयएसएम किंवा श्रीलिपी, आणि त्यातच लोकांच्या आधार कार्डांचे आणि सातबाऱ्यांचे स्कॅन. वर चार खिडक्या उघड्या असल्या, की खालचा आयकॉन दिसणार कसा? प्रत्येक वेळी सगळं मिनिमाइझ करा, शोधा, डबल क्लिक करा.

यावरचा जुना आणि सोपा उपाय म्हणजे डॉक.

डॉक म्हणजे स्क्रीनच्या एका कडेला बसणारी आयकॉनची पट्टी. रोज लागणारी आठ-दहा सॉफ्टवेअर तिथे ओळीनं मांडून ठेवायची. पट्टी कायम समोर असते, किंवा लपवून ठेवली तर माऊस कडेला नेताच वर येते. एक क्लिक केलं की सॉफ्टवेअर सुरू!

पट्टी कडेलाच का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये एक नियम मांडला होता. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितक्या लवकर हात तिथे पोहोचतो. स्क्रीनच्या कडेला माऊसचा बाण आपोआप अडतो, त्यामुळे नेम धरावा लागत नाही. जोरात खाली ढकला, बाण पट्टीवरच!

स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर १९८९ मध्येच डॉक होता. पुढे तो अॅपलकडे आला आणि २००१ च्या मॅक ओएस एक्समुळे जगाला माहीत झाला. माऊस नेला की फुगणारे ते आयकॉन बघून विंडोजवाल्यांनाही मोह झाला. त्यातूनच ऑब्जेक्टडॉक, रॉकेटडॉक अशी सॉफ्टवेअर आली. त्या काळात अनेकांनी डॉक लावला तो कामासाठी कमी आणि पीसी मॅकसारखा दिसावा म्हणून जास्त, हेही खरं.

लावायला काहीच अवघड नाही. डेस्कटॉपवरचा आयकॉन माऊसनं धरायचा आणि पट्टीवर सोडायचा. नको असेल तर राईट क्लिक करून काढून टाकायचा. पट्टी खाली हवी की डाव्या बाजूला, आपोआप लपावी की नाही, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. काही डॉकमध्ये सुरू असलेल्या सॉफ्टवेअरवर पुन्हा क्लिक केलं, की तेच दुसऱ्यांदा उघडतं. ती सेटिंगही तेव्हाच बघून घ्यावी.

पण एक गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. डॉकवर ठेवलेला आयकॉन हा फक्त शॉर्टकट असतो, म्हणजे घराचा पत्ता. पत्त्याची चिठ्ठी फाडली म्हणून घर पडत नाही. डॉकवरून आयकॉन काढला तरी सॉफ्टवेअर जागच्या जागीच असतं.

डेस्कटॉपवर मात्र चिठ्ठ्या आणि घरं शेजारी-शेजारी असतात. कोपऱ्यात छोटा बाण असलेला आयकॉन म्हणजे शॉर्टकट, तो उडवला तरी चालतं. बाण नसलेलं फोल्डर म्हणजे खरा माल! “सगळं डॉकवर घेतलं, आता डेस्कटॉप साफ करू” म्हणत ते डिलीट केलं, तर कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याची कागदपत्रंच जायची. शिवाय डेस्कटॉपवरच्या फाइल सहसा सी ड्राइव्हमध्ये असतात. विंडोज बिघडलं आणि बॅकअप न घेता सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, की त्याही गेल्या. म्हणून डॉक लावायच्या दिवशीच स्कॅनची फोल्डरं दुसऱ्या ड्राइव्हमध्ये हलवावीत, एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि मगच झाडू हातात घ्यावा.

आता गंमत अशी की अनेकांना वेगळ्या डॉकची गरजच नसते. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून खालचा टास्कबारच जवळजवळ डॉकचं काम करतो. सॉफ्टवेअर सुरू करा, खाली त्याच्या आयकॉनवर राईट क्लिक करा आणि ‘पिन टू टास्कबार’ निवडा. रोजच्या पोर्टलसाठी एज ब्राउझरच्या मेन्यूतल्या ‘मोअर टूल्स’मध्येही हाच पर्याय आहे.

याहून भारी गोष्ट कीबोर्डवर आहे. विंडोजचं बटण दाबून धरा आणि १ दाबा, टास्कबारवर पिन केलेलं पहिलं सॉफ्टवेअर उघडतं. २ दाबलं की दुसरं, असं ९ पर्यंत. ब्राउझर पहिला, स्कॅनर दुसरा हा क्रम एकदा हाताला बसला, की माऊसला हातही लावावा लागत नाही. समोर रांग असताना याची किंमत कळते.

तरीही वेगळा डॉकच हवा असेल, तर तो कुठून घेताय ते बघा. रॉकेटडॉकचं नाव आजही सगळीकडे ऐकू येतं, पण त्याची १.३.५ ही शेवटची आवृत्ती २००८ ची आहे. मूळ ठिकाणी काही मिळालं नाही, की लोक गुगलवर दिसेल त्या साइटवरचं मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दाबतात. त्यातून डॉकसोबत जाहिरातींचं सॉफ्टवेअर किंवा पासवर्ड चोरणारं काहीतरी आत शिरू शकतं. घरच्या कॉम्प्युटरवरही हे वाईटच. मग ज्या मशीनवर अख्ख्या गावाचे आधार क्रमांक आणि बँक पासबुकं आहेत, तिथे नुसत्या फुगणाऱ्या आयकॉनसाठी ही जोखीम कशाला? विंडोजवर डॉक हवाच असेल तर विनस्टेप नेक्ससची मोफत आवृत्ती आहे, तीही थेट कंपनीच्याच साइटवरून घ्यावी.

राहिला प्रश्न जुन्या मशीनचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक जुन्या पीसींवर विंडोज ११ चढत नाही. अशा पीसीवर लिनक्स टाकलं तर डॉक फुकट मिळतो. उबुंटूमध्ये तो आधीपासूनच डाव्या कडेला असतो. हलक्या लिनक्सवर ‘प्लँक’ नावाचा छोटा डॉक टाकता येतो. सॉफ्टवेअर सुरू करायचं, त्याच्या आयकॉनवर राईट क्लिक करून ‘कीप इन डॉक’वर टिक करायची, की झालं. मात्र सेवा केंद्राचं मशीन असेल तर अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालतं का, हे आधी तपासायचं. ते चालत नसेल, तर तो पीसी घरी मुलांच्या अभ्यासाला द्यावा.