लष्कराच्या भाकऱ्यांना पगार

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजू नयेत, असं आपल्याकडे सांगतात. ग्वाल्हेरमध्ये मात्र लष्कर हे शहराच्याच एका भागाचं नाव. 1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला तो पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, पेठा आल्या. शिंदे की छावणी, दौलतगंज ही नावं अजून तिथे आहेत. म्हणीचा या लष्कराशी संबंध नाही. पण ‘अनुभव मिळेल’ या आशेवर कॉलेजातली मुलं बिनपगारी इंटर्नशिप करतात, तेव्हा ती नेमक्या याच भाकऱ्या भाजत असतात. आणि त्या भाजणं ज्याच्या घरी खायला आहे त्यालाच परवडतं.

2023 साली मध्य प्रदेश सरकारने या भाकऱ्यांना दर लावला. योजनेचं नावच ‘मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना’. वय 18 ते 29, राज्याचा रहिवासी, शिक्षण निदान बारावी किंवा आयटीआय. काम शिकता शिकता बारावीवाल्याला महिना 8000 रुपये, आयटीआयवाल्याला 8500, पदविकाधारकाला 9000 आणि पदवीधराला 10,000. मला आकड्यांपेक्षा त्यांची फोड जास्त मोहात पाडते. दहा हजारांतले साडेसात हजार सरकारचे, थेट मुलाच्या बँक खात्यात. उरलेले अडीच हजार ज्याच्याकडे तो शिकतो त्या मालकाचे. बारा आणे तिजोरीचे, चार आणे पेढीचे.

हे बारा आणे–चार आणे कशासाठी? ग्वाल्हेरच्या दाल बाजारातली एक धान्याची पेढी डोळ्यांसमोर आणा. बी.कॉम. झालेला मुलगा तिथे हिशेब शिकायला बसतो. पहिले दोन महिने तो चुकाच करणार; मुनीमजींचा अर्धा दिवस त्या निस्तरण्यात जाणार. तिसऱ्या महिन्यात त्याला टॅली येऊ लागतं, जीएसटीचं विवरणपत्र भरता येतं. मग एखाद्या सकाळी तो सांगतो, इंदूरला नोकरी लागली. मालकाने खर्च करून शिकवलं आणि ते कौशल्य गाडीत बसून निघून गेलं! पुढच्या वेळी मालक नवख्याला दारात उभा करील का?

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 साली आपल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या पुस्तकात हीच गाठ उकलून दाखवली. जे कौशल्य कुठेही उपयोगी पडतं त्याचा खर्च मालक सहसा उचलत नाही; शिकणाराच कमी पगार घेऊन तो सोसतो. तर्क बिनचूक आहे, पण त्यात एक भोक आहे. कमी पगार सोसायला मुळात घरात काहीतरी असावं लागतं. ज्याच्या घरचा महिना पंचवीस तारखेलाच संपतो, तो मुलगा शिकणं सोडून मिळेल ती हमाली धरतो. म्हणून तिसरा खिसा लागतो.

मग तिसऱ्या खिशानेच सगळे पैसे का देऊ नयेत? कारण फुकटच्या माणसाला कुणी शिकवत नाही, त्याला चहा आणायला पाठवतात. स्वतःचे अडीच हजार जात असले, की मालकाची नजर मुलाच्या हातांवर राहते. ते चार आणे म्हणजे पगारापेक्षा लक्ष देण्याची किंमत आहे, असं मला वाटतं.

आता गंमत पाहा. बेकरचं पुस्तक आलं त्याच 1964 साली अमेरिकेत लिंडन जॉन्सन यांच्या राजवटीत ‘वर्क-स्टडी’ योजना कायद्यात आली. तिथेही आज केंद्राचा वाटा साधारणपणे कमाल 75 टक्के! कॉलेजच्या ग्रंथालयात, प्रयोगशाळेत गरजू विद्यार्थी काही तास काम करतो, उरलेला भार काम देणारा उचलतो. जॉन्सन स्वतः सॅन मार्कोसच्या कॉलेजात झाडलोट करून शिकले होते. ग्वाल्हेर आणि टेक्सास यांनी एकमेकांना विचारून वाटणी ठरवली असेल असं नाही, पण बारा आण्यांवर दोघेही येऊन थांबले.

मराठी वाचकाला एव्हाना साताऱ्याची आठवण झाली असेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. ‘कमवा आणि शिका’ ही तिथली रीतच. मुलं शेतात राबत, बांधकामावर घाम गाळत आणि त्याच श्रमावर शिकत. भाऊरावांना अभिप्रेत होता तो स्वावलंबनाचा धडा, बी.कॉम.च्या मुलाने बी.कॉम.चंच काम करावं, हा त्यांचा आग्रह नव्हता. ग्वाल्हेरच्या योजनेत काम हाच अभ्यास आहे. दोन्हींना एकाच तराजूत घालणं मला योग्य वाटत नाही.

एक उणीव मात्र बोचते. सीखो-कमाओच्या पात्रतेत वय आहे, शिक्षण आहे, रहिवास आहे. घरची मिळकत नाही. अमेरिकेत आधी कुटुंबाच्या उत्पन्नाचा अर्ज भरावा लागतो. शिवाय अजून कॉलेजात शिकणाऱ्याचं काय? त्याला दिवसभर पेढीवर बसवलं तर तास बुडतात, आणि तास धरले तर पैसे बुडतात.

या पेचावर एक वाट विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 पासून खुली केली आहे: पदवीतच शिकाऊ उमेदवारी. किमान एक सत्र मुलगा कारखान्यात किंवा कार्यालयात काढतो, त्याला विद्यावेतन मिळतं आणि त्या कामाचे श्रेयांक गुणपत्रिकेत चढतात. अभियंते आणि पदवीधरांच्या केंद्रीय शिकाऊ योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्र देतं. मध्य प्रदेशापुरता हा कारभार पाहणारं मंडळ आहे मुंबईत, शीवला. म्हणजे लष्करातल्या एखाद्या मुलाचं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर, कारखान्याच्या मस्टरवर आणि मुंबईच्या दप्तरात, तिन्हीकडे एकाच वेळी असू शकतं.